एकशे त्रेचाळीसचे अवयव

मला तीसपर्यंतचे पाढे येतात. हे मी अजूनही लोकांना सांगते आणि सांगताना माझी मान जरा वर होते. साठी उलटली, गुडघे कुरकुरतात, चष्म्याशिवाय भाजीवाल्याचा काटा दिसत नाही. पण सत्तावीस अठ्ठे किती, असं कुणी रस्त्यात अडवून विचारलं तरी दोनशे सोळा हे उत्तर मला शोधावं लागत नाही. या एका गोष्टीच्या जोरावर मी आयुष्यभर बराच तोरा मिरवला. तो कसा उतरला, ते लिहून ठेवायचं आहे.

पाढे वडिलांनी दिले. उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात आमची एक खोली होती. वडील कापडाच्या गिरणीत कामाला, शिक्षण चौथीपर्यंत. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा फळीवरचे देव गेले आणि तिथे पुस्तकं आली, असं ते अभिमानाने सांगायचे. पुस्तकं म्हणजे मोजून दोन, आणि त्यातलं एक उजळणीचं. त्या उजळणीतले पाढे आम्हा चार भावंडांकडून ते रोज दिवेलागणीला एका सुरात म्हणून घेत. दोनपासून तीसपर्यंत, आणि प्रत्येक पाढा एके ते दाहे. एखाद्या दिवशी आवाज आला नाही तर शेजारची सिंधी आंटी दारात येऊन विचारायची, "आज मास्टरजी का क्लास नहीं लगा क्या?" वडील मास्तर नव्हते, पण तिने मास्टरजी म्हटलं की त्यांना बरं वाटायचं. ज्याला पाढे येतात त्याला जगात कुणी फसवू शकत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. चौघांत मी सगळ्यांत पुढे, त्यामुळे माझ्यावर त्यांचा जीव जास्त.

पुढे अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या स्टोअरमध्ये मी अठ्ठावीस वर्षं नोकरी केली. खोकी, नग, डझन, बारा डझनांचे ग्रोस, सगळं तोंडी. साहेब कॅल्क्युलेटर काढेपर्यंत माझं उत्तर आलेलं असे, आणि ते बरोबर असे. निवृत्त झाल्यावर बदलापूरजवळ सोनिवलीला नव्या इमारतीत लहानसा फ्लॅट घेतला. मी लग्न केलं नाही, त्यामुळे घरात कुणाला ओरडायची सोय नाही. दोन महिने गॅलरीत बसून समोरच्या बिल्डिंगचं बांधकाम बघितलं आणि मग मला माझाच कंटाळा आला. जवळच्या विहाराचा हॉल दुपारी रिकामा असतो. शाळा सुटलेल्या बायकांना दहावीचं गणित शिकवते, असं मी तिथे सांगून टाकलं. मी बी.कॉम. आहे, गणिताची कुणी मोठी जाणकार नव्हे. पण दहावीच्या गणितात असं काय असणार, असं वाटलं. पाढे तर येतच होते.

शनिवार-रविवार दुपारी तीन वाजता पाच बायका यायच्या. नियम माझे. वेळेवर यायचं, मोबाईल पिशवीत ठेवायचा, कॅल्क्युलेटर दिसला तर मी पुन्हा तोंड बघणार नाही. मला ‘बाई’ म्हणायचं. मॅडम म्हटलं की मला साहेबाची बायको झाल्यासारखं वाटतं. बायका गुणी होत्या. दिवसभर राबून आलेल्या असायच्या, तरी फळ्यावरचं एकेक अक्षर उतरवून घ्यायच्या.

त्यांना मी आधी संख्येचे मूळ अवयव पाडायला शिकवलं. मूळ संख्या कुणाला म्हणायचं? जी स्वतःच्या पाढ्याखेरीज दुसऱ्या कुठल्याच पाढ्यात सापडत नाही तिला. एकाचा पाढा सोडून द्यायचा, तो सगळ्यांनाच पोटात घेतो. सात मूळ, अकरा मूळ, तेरा मूळ. पंधरा मूळ नाही, कारण ती तीनाच्या पाढ्यातही आहे आणि पाचाच्याही. कुठलीही मोठी संख्या घ्या, फोडत जा. फोडता फोडता अशा मूळ संख्या उरतात, त्या पुढे फुटत नाहीत.

मी साठ दिली. एकीने सहा आणि दहा अशी फोडली, दुसरीने चार आणि पंधरा अशी. दोघी एकमेकींच्या वहीत डोकावून आपलंच बरोबर म्हणून भांडू लागल्या. म्हटलं, अजून फोडा. शेवटी दोघींच्याही वहीत दोन, दोन, तीन आणि पाच हेच उरलं. तीन नंबर कॅम्पात जीन्सच्या कारखान्यात काम करणारी एक होती, जिभेची तिखट. ती म्हणाली, "अरे ये तो पँट जैसा है, बाई. कुठूनपण उसवा, शेवटी निकलते तो वोही टुकडे." इतकं नेमकं मलाही सांगता आलं नसतं. मी तिला शाबासकी दिली आणि घरी जाताना स्वतःलाही दिली.

पाचवी बाई मागे, भिंतीला टेकून बसायची. बारवी धरणाच्या रस्त्याला एक पाडा आहे, तिथून शेअर रिक्षा बदलत यायची. वय तिशीच्या आसपास. बदलापुरातल्या एका लहान दवाखान्यात ती आया होती. फरशी पुसायची, चादरी बदलायची, बाळंतिणींचं सगळं करायची. दहावीला सगळे विषय सुटले होते, गणित तेवढं राहिलं होतं. मग लग्न झालं आणि ते राहूनच गेलं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं होतं, की दहावी पास झालीस तर मी तुला नर्सिंगच्या कोर्सला पाठवते, जागा तुझ्यासाठी धरून ठेवते. पण हे वर्ष, पुढचं नाही. म्हणजे या मार्चच्या परीक्षेत गणित सुटलं तर सिस्टर, नाहीतर पोछा. हे तिने मला पहिल्याच दिवशी खाली बघत सांगितलं होतं.

तिचे पाढे कच्चे होते. दहाच्या पुढे गेलं की अडखळायची. त्यामुळे माझ्या लेखी ती मागची. तिच्या वहीच्या शेवटच्या पानांवर ठिपकेच ठिपके काढलेले असायचे, रांगोळीला काढतात तसे. कागद कशाला नासतेस, म्हणून मी एकदा झापलंही होतं. ठिपके कशाचे, हे मी विचारलं नाही.

तो रविवार ऑक्टोबरातला. मी एका प्रश्नसंचाच्या झेरॉक्स वाटल्या होत्या आणि वर्गसमीकरणं चालली होती. त्यात दोन संख्या शोधायच्या असतात, ज्यांचा गुणाकार शेवटच्या आकड्याएवढा आणि बेरीज मधल्या आकड्याएवढी. एका गणितात गुणाकार एकशे त्रेचाळीस हवा होता आणि बेरीज चोवीस. मी सवयीप्रमाणे डोळे मिटले आणि पाढे पळवले. अकराचा एकशे दहावर संपला, तेराचा एकशे तीसवर. पुढचेही सगळे धावून आले, तीसपर्यंत. एकशे त्रेचाळीस कुठेच नाही. म्हणजे ती मूळ संख्या, तिचे अवयव पडणार नाहीत, म्हणजे गणितच चुकलेलं. आणि चूक कुठे आहे तेही मला लगेच दिसलं. बारा बारे एकशे चव्वेचाळीस, बारा आणि बारा चोवीस! स्टोअरमध्ये ग्रोसची इतकी खोकी माझ्या हाताखालून गेली होती, मला एकशे चव्वेचाळीस ओळखायला वेळ लागणार होता होय? छापणाऱ्याने चारच्या जागी तीन छापला होता.

"पेन घ्या," मी म्हटलं, "तिनावर काट मारा आणि चार लिहा. छापखान्याची चूक आहे." चौघींनी काट मारली. जीन्सवाली म्हणाली, "बाई, तुम्ही तर छापनेवाले की भी क्लास घेतली." मी खूश.

मागून आवाज आला, "बाई, एकशे त्रेचाळीस बसतंय."

"कुठे बसतंय? कुठल्या पाढ्यात?"

"पाढ्यात नाय. पण बसतंय."

आता मला कुणी पाढ्यांवरून टोकलं की माझा पारा चढतो, हे जुनं दुखणं आहे. त्यात टोकणारी ही, जिला बाराचा पाढा धड येत नाही. मी म्हटलं, "उभी राहा. तेराचा पाढा म्हण." तेराचाच का, तर कच्चं कोण ते तेराच्या पाढ्यात कळतं असं वडील म्हणायचे. ती उभी राहिली. तेरा चोक बावन्नपर्यंत आली, तेरा पाचाला थांबली. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. दोघी खुसखुसल्या. मी त्यांना गप्प केलं नाही. उलट म्हटलं, "बस खाली. आधी पाढे पाठ कर, मग मला शिकव." ती बसली. तास संपल्यावर चपला घालून सगळ्यांच्या आधी निघून गेली.

पुढच्या शनिवारी ती आली नाही, रविवारीही नाही. जीन्सवालीने सांगितलं, की ती आपल्याला स्टेशनला भेटली होती आणि फॉर्म भरणार नाही म्हणाली. परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख आठ दिवसांवर होती. मी म्हटलं, ज्याला नाही शिकायचं त्याच्यामागे मी कुठवर धावू? मोठ्याने म्हटलं, म्हणजे मला स्वतःलाही ऐकू जावं.

सोमवारी सकाळी चहा ठेवला आणि तो उकळेपर्यंत प्रश्नसंच चाळत बसले. शेवटच्या पानावर उत्तरं होती. त्या गणितापुढे अकरा आणि तेरा होते. मी मनाशी हसलेच, की बघा, उत्तरातही चूक! मग कुठून बुद्धी झाली कोण जाणे, शेजारी पडलेल्या दुधाच्या पिशवीच्या कागदावर मी अकरा गुणिले तेरा मांडलं. खाली आलं एकशे त्रेचाळीस. पुन्हा मांडलं. अकरा अधिक तेरा चोवीस. चहा उतू गेला तरी मी बसूनच होते.

तेरा दाहे एकशे तीस. त्याच्यावर एकच पायरी चढायची होती, तेरा अकरे. पण आमच्या उजळणीत पाढा दाह्याला संपायचा, आणि तिथे संपला म्हणजे माझ्यासाठी जग तिथे संपलं. मग मी कागद घेऊन बसले आणि आणखी भोकं शोधू लागले. अकरा अकरे एकशे एकवीस आणि तेरा तेरे एकशे एकोणसत्तर माझ्या पाढ्यांत नव्हतेच; ते मला फक्त वर्ग पाठ होते म्हणून माहीत. अकरा सत्रे एकशे सत्त्याऐंशी नव्हता, तेरा सत्रे दोनशे एकवीस नव्हता. या दोन्हींना मी इतकी वर्षं खुशाल मूळ समजले असते. मी बायकांना सांगितलेली व्याख्या बरोबर होती. पाढे तोकडे होते.

मला वडिलांचाही राग आला, हे लपवत नाही. मग लगेच वाईट वाटलं. त्यांना जेवढं मिळालं तेवढं त्यांनी पुरतं दिलं होतं, हातचं काही राखलं नव्हतं. दाह्याच्या पुढे जाऊ नको, असं ते कधीच म्हणाले नव्हते. ते मीच ठरवलं होतं. आणि त्याच्या जोरावर एका बाईला चारचौघींत उभं करून तिच्या हातातली नोकरी घालवायला निघाले होते. दुपारपर्यंत मला जेवण गेलं नाही.

फोन लावला तर लागेना. पाड्यावर रेंज नसते. दवाखान्यात तिची सुट्टी गुरुवारी असते, हे मला माहीत होतं. गुरुवारी सकाळी मी धरणाच्या रस्त्याची शेअर रिक्षा धरली. रिक्षावाल्याने जिथे सोडलं तिथून पाडा अर्धा तास चालत. भाताची कापणी झाली होती, खाचरांत नुसती धसकटं उरलेली. गुडघ्यांनी वाटभर मला शिव्या घातल्या.

घरापुढच्या सारवलेल्या खळ्यात ती भात झोडत होती. मला बघून हातातली पेंढी तशीच राहिली. तिची सासू ओटीवर बसली होती, तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "हीच का गो ती तुझी बाय?" तिने सुनेला विचारलं. सून नुसती मान हलवून आत पाणी आणायला गेली. सासू मला म्हणाली, "बस बाय. उनाची आलीस." पण आवाजात पाहुणचार कमी होता. त्या रविवारी काय झालं ते तिला कळलं असणार.

मी माफी मागायला गेले होते. तोंडातून निघालं ते असं, "फॉर्म का भरला नाहीस?" हा माझा स्वभाव. आग विझवायला जाईन ती पंखा घेऊन.

"मना पाढे नाय येत, बाई. मंग कशाला?" ती म्हणाली.

मी पाणी प्यायले. पुन्हा एकदा प्रयत्न केला. "एकशे त्रेचाळीस बसतं," मी म्हटलं. "अकरा तेरे. तुझं बरोबर होतं, माझं चुकलं." इतकं सोपं वाक्य, पण अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत मी ते एकदाही उच्चारलं नव्हतं.

तिने माझ्याकडे बघितलं आणि आत गेली. येताना टोपलीत चिंचोके घेऊन आली. चिंच फोडून झाली की पाड्यावरच्या बायका चिंचोके जपून ठेवतात. माझ्यासमोर सारवलेल्या जमिनीवर ती उकिडवी बसली आणि तिने ओळी लावायला सुरुवात केली. बाराची एक ओळ, अशा बारा ओळी. चौकोन झाला.

"ह्यो तुमचा एकशे चव्वेचाळीस," ती म्हणाली. मग खालची अख्खी ओळ तिने उचलून मुठीत घेतली. राहिल्या अकरा ओळी. मुठीतला एकेक चिंचोका तिने प्रत्येक ओळीच्या टोकाला ठेवला. प्रत्येक ओळ तेराची झाली. अकरा ओळी पुऱ्या झाल्या आणि तिच्या तळहातावर एक चिंचोका उरला.

"ह्यो येक तुमी वाढवलात, बाई," ती म्हणाली आणि तो टोपलीत टाकला.

मी बघत राहिले. अकरा आडव्या, तेरा उभ्या, एकही जागा रिकामी नाही. हेच ती ‘बसतंय’ म्हणत होती, आणि वहीतले ठिपके हेच होते. मी मोडकळीला आलेले गुडघे वाकवून तिच्यासमोर जमिनीवर बसले. म्हटलं, "सत्त्याण्णव लाव." तिने दोनाच्या जोड्या लावल्या, एक उरला. तीनाच्या लावल्या, एक उरला. पाचाला दोन उरले, साताच्या तेरा ओळी होऊन सहा उरले. मध्ये चार, सहा, आठ तिने घेतलेच नाहीत. विचारलं तर म्हणाली, "दोनात नाय बसला तो चारात कसा बसंल?" मग नवालाही न लावता तिने हात झटकले. "नाय बसत. ह्याची येकच लांब ओळ."

"पुढचं कुठे लावलंस? अकरा, तेरा, सतरा राहिले की."

ती हसली. मला बघून ती पहिल्यांदाच हसली. "दहाच्या ओळी दहा लावल्या तर शंभर, बाई. म्हणजे अकराच्या ओळी लावाच्या तर त्या दहापेक्षा कमीच येतील ना? मंग त्या तर आपण आधीच लावून बघितल्या, आडव्याच्या उभ्या करून. तेच परत कशाला?"

हे मला ठाऊक नव्हतं. बी.कॉम.पर्यंत शिकले, मूळ संख्येची व्याख्या फळ्यावर लिहिली, पण कुठे थांबायचं आणि का, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं. तिने ते चिंचोके लावता लावता शोधलं होतं. मला लाज वाटली, आणि लाजेच्या जोडीला आनंदही झाला. तो आनंद चांगला मोठा होता. साठ वर्षं तोंडात घोळवलेली संख्या मी त्या दिवशी पहिल्यांदा डोळ्यांनी बघत होते. सत्त्याण्णव म्हणजे कसंही लावा, लांबच लांब एक ओळ.

सासूने कोरा चहा आणून ठेवला. सून चिंचोके गोळा करत म्हणाली, "येक सांगू का, बाई? त्या दिवशी मना तेराचा पाढा येत होता. दवाखान्यात लादी पुसताना म्हणत असते मी. तुमी उभं केलंत, सगल्या बघाया लागल्या, मंग गेला."

चहा फार गोड होता, मी सगळा प्यायले.

निघताना म्हटलं, "फॉर्म भर. सोमवार शेवटचा." ती म्हणाली, "इथे सांगलात, इथे कोण होता ऐकाया?" आवाज चढवला नाही. पण मला कळलं. चारचौघींत घातलेलं चारचौघींतच काढायला हवं होतं. सासू ओटीवरून म्हणाली, "बरोबर बोलते ती." मी म्हटलं, "रविवारी ये. आधी ऐक, पटलं तर सोमवारी भर."

तीन दिवस मी धास्तावलेली होते. ती आलीच नाही तर? रविवारी तीनला सगळ्या बसल्या, मागची जागा रिकामी. सव्वातीनला ती आली. वेळेवर यायच्या नियमाबद्दल मी ब्र काढला नाही. उभी राहिले आणि म्हटलं, "त्या दिवशी मी तुम्हाला तिनावर काट मारायला लावली. ती चूक छापखान्याची नव्हती, माझी होती. मला कळायच्या आधी हिला कळलं होतं, आणि मी हिचा सगळ्यांसमोर अपमान केला. हसणाऱ्यांना मी थांबवलं नाही, तेही चुकलं." ती खाली मान घालून वहीत काहीतरी लिहीत होती. वर बघितलं नाही.

मग जीन्सवाली म्हणाली, "बाई, मग माझा मागच्या टेस्टचा पेपर पण परत चेक करा ना. क्या पता, तोही बरोबर असेल." सगळ्या हसल्या. मीही हसले, जरा जास्तच. खुसखुसलेल्या दोघींपैकी एकीने सरकून आपल्या शेजारी सतरंजीवर जागा केली आणि तिला हाताने बोलावलं. ती भिंत सोडून पुढे येऊन बसली. त्या दिवशी अवयव तिने शिकवले. मी चॉक तिच्या हातात दिला तर म्हणाली, "फळ्यावर नाय, खाली लावते," आणि पिशवीतून चिंचोके काढले.

सोमवारी तिने फॉर्म भरला. दवाखान्यातून जेवणाच्या सुट्टीत गेली होती, फॉर्म दिल्यावर तिथूनच फोन केला. "भरला," एवढंच म्हणाली. मीही "बरं" एवढंच म्हटलं आणि फोन ठेवून बाथरूममध्ये जाऊन रडले. घरात कुणी नसताना बाथरूममध्ये कशाला जायचं, हे मला अजून कळलेलं नाही.

मार्चपर्यंत आम्ही जुंपून अभ्यास केला. माझे पाढे आणि तिच्या ओळी, दोन्ही लागले. लहान संख्येला पाढा झटकन धावून यायचा. जिथे तो दमायचा तिथून पुढे तिची पद्धत. भूमितीने आम्हा दोघींना छळलं. निकालाच्या दिवशी तिला गणितात पास व्हायला हवे असतात त्या पस्तीसांहून सात जास्त मिळाले होते. डॉक्टरीणबाईंनी शब्द पाळला. कोर्स सुरू झाल्यावर तिचं विहारात येणं बंद झालं, ते बरोबरच होतं.

मध्ये दोन वर्षं गेली. मला चक्कर येऊ लागली म्हणून बीपी तपासायला त्याच दवाखान्यात गेले. पांढऱ्या युनिफॉर्ममध्ये तीच समोर आली. केस नीट वर बांधलेले, खिशाला नावाची पट्टी. माझ्या दंडाला पट्टा बांधताना म्हणाली, "रागावलात का परत कुणाला?" मी म्हटलं, "कमी केलंय." तिला ते पटलेलं दिसलं नाही. आकडा बघून तिने कागदावर लिहिला आणि पाच मिनिटं शांत बसायला सांगितलं, पुन्हा घेते म्हणाली. मी बाकावर बसले.

"सिस्टर!" आतल्या खोलीतून कुणीतरी हाक मारली. सिस्टर कुठे दिसते का, म्हणून मी मान वळवून इकडेतिकडे बघू लागले. तोवर ती "आले" म्हणत आत गेलीही होती.